उम्बर्तो डी. आणि पेन्शनची खिडकी

दिवाळीचा फराळ संपत येतो तेव्हा नोव्हेंबर लागलेला असतो आणि बँकांच्या दारात हयातीच्या दाखल्याची रांग लागते. 'मी जिवंत आहे' एवढंच सांगायला माणसं रिक्षा करून, नातवाचा हात धरून, काठी टेकत येतात. २०१४ पासून 'जीवन प्रमाण' नावाची डिजिटल सोय झाली; यंत्रावर बोट ठेवलं की दाखला निघतो. पण जन्मभर हळद, ऊस नाहीतर सूत हाताळलेल्या बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात, यंत्र त्या ओळखत नाही. माणूस समोर उभा असतो, बोलत असतो, घाम पुसत असतो. आणि यंत्र म्हणतं, जुळत नाही.

माझी नोकरी बँकेतली. तिची बरीच वर्षं सातारा आणि सांगली इथल्या शाखांत गेली आणि त्यातली काही या खिडकीमागे. निवृत्तीनंतर सांगलीत एका फिल्म सोसायटीच्या खेळाला व्हित्तोरिओ डी सिकाचा 'उम्बर्तो डी.' पाहिला. 'बायसिकल थीव्ह्ज'चा दिग्दर्शक एवढीच ओळख मनात धरून गेलो होतो. परत येताना मात्र वाटत राहिलं, की मी इतकी वर्षं ज्या खिडकीच्या आतल्या बाजूला बसलो, तिच्या बाहेरच्या बाजूने कुणीतरी १९५२ सालीच सगळं पाहून ठेवलं होतं. हा लेख त्या वाटण्याचा माग काढण्यासाठी आहे.

दोन गावं, दोन प्रकारच्या पेन्शनी

सातारा हे 'पेन्शनरांचं गाव' अशी जुनी ओळख आहे. थंड हवा, अजिंक्यताऱ्याची सावली, राजवाड्याजवळच्या गोलबागेत संध्याकाळी जमणारे टोपीवाले म्हातारे, असं त्याचं चित्र डोळ्यांसमोर येतं. त्या ओळखीमागे मास्तर, कारकून, मामलेदार कचेरीतले लोक आहेत, तशी फौजही आहे. साताऱ्याजवळचं अपशिंगे हे गाव 'अपशिंगे मिलिटरी' म्हणूनच ओळखलं जातं. पहिल्या महायुद्धात एवढ्याशा गावाचे ४६ जवान कामी आले. या पट्ट्यात घरची शेती पावसावर आणि घरचा भरवसा पेन्शनीवर, असं अनेक पिढ्या चाललं. सरकारी किंवा लष्करी पेन्शन असलेला म्हातारा घरात ओझं होत नाही. उलट त्याच्या तब्येतीची चौकशी जरा जास्तच होते.

सांगलीची गोष्ट वेगळी. खरं तर जिल्हा एकच होता. १९४९ साली साताऱ्यातून 'दक्षिण सातारा' वेगळा झाला आणि त्याला सांगली हे नाव १९६० साली मिळालं. पण सांगलीच्या खिडकीवर मला भेटलेला पेन्शनर बहुधा साखर कारखान्यातला, सूतगिरणीतला, एखाद्या लहान खासगी कारखान्यातला असे. त्याची पेन्शन सरकारी तिजोरीतून येत नसे. ती येत असे भविष्यनिर्वाह निधीच्या १९९५ सालच्या योजनेतून, म्हणजे लोक जिला 'ईपीएस पंच्याण्णव' म्हणतात तिच्यातून. आणि याही पलीकडे एक तिसरी रांग होती, श्रावणबाळ योजनेची. तीत माण, खटाव, आटपाडी, जत अशा दुष्काळी तालुक्यांतल्या शेतमजूर बायका जास्त.

तिन्ही रांगांना बोलीभाषेत एकच शब्द आहे, 'पेन्शन'. त्या एका शब्दाखाली किती निरनिराळी आयुष्यं झाकली जातात, हे 'उम्बर्तो डी.' पाहिल्यावर मला नीट दिसलं.

पडद्यावरचा म्हातारा

आधी चित्रपटाविषयी. दुसऱ्या महायुद्धानंतर इटलीत जी चित्रपटांची लाट आली तिला नववास्तववाद म्हणतात. खऱ्या रस्त्यांवर चित्रण, पुष्कळदा अव्यावसायिक नट, आणि नायकाच्या जागी ज्याच्याकडे एरवी कॅमेरा वळणार नाही असा माणूस. डी सिका आणि त्याचा पटकथाकार चेझारे झाव्हात्तिनी ही या लाटेतली मोठी जोडी. 'उम्बर्तो डी.' २० जानेवारी १९५२ ला इटलीत प्रदर्शित झाला. त्यानंतर चारच दिवसांनी मुंबईत भारतातला पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव सुरू झाला आणि तिथे 'बायसिकल थीव्ह्ज' पाहून आपल्याकडचे दिग्दर्शक हलले. पुढच्याच वर्षी बिमल रॉय यांचा 'दो बीघा जमीन' आला. 'बायसिकल थीव्ह्ज'ची कीर्ती अशी आपल्यापर्यंत चटकन पोचली, 'उम्बर्तो डी.' मात्र आपल्याकडे आजही अभ्यासकांपुरताच राहिला आहे.

उम्बर्तो दोमेनिको फेरारी हा रोममधला निवृत्त सरकारी नोकर. सार्वजनिक बांधकाम खात्यात तीस वर्षं काढलेला. लग्न नाही, मूलबाळ नाही, आहे तो फ्लाइक नावाचा एक लहानसा कुत्रा. भूमिका करणारे कार्लो बात्तिस्ती हे नट नव्हते; ते फ्लॉरेन्स विद्यापीठातले भाषाशास्त्राचे प्राध्यापक होते. कोटाची बटणं लावण्याची, टोपी उचलून नमस्कार करण्याची त्यांची सवय अभ्यासाने आलेली वाटत नाही, कारण ती त्यांची स्वतःचीच असावी. डी सिकाने हा चित्रपट आपल्या वडिलांना अर्पण केला. त्यांचं नावही उम्बर्तो.

सुरुवातच मोर्चाने होते. कोट-टाय घातलेले म्हातारे पेन्शन वाढवून मागत चालले आहेत. परवानगी काढलेली नाही म्हणून पोलिसांच्या जीपगाड्या येतात आणि सगळे पांगतात. धाप लागलेले म्हातारे एका दारात उभे राहून कुणाचं चुकलं याची चर्चा करतात. पुढे हिशेब कळतो: पेन्शन महिना १८,००० लिरा, खोलीचं भाडं १०,००० लिरा, आणि घरमालकिणीची थकबाकी १५,०००. उम्बर्तो घड्याळ विकतो, पुस्तकं विकतो, तरी थकबाकीच्या तिसऱ्या हिश्श्याएवढेच पैसे उभे राहतात. मालकीण अर्धी रक्कम घ्यायला तयार नाही, कारण तिला खोली मोकळी हवी आहे. तो बाहेर असताना ती खोली ती जोडप्यांना तासाच्या भाड्याने देते.

गोष्ट एवढीच. घशाला सूज आल्यावर तो इस्पितळात जातो आणि तिथे दोन दिवस जास्त राहायला मिळावं म्हणून जपमाळ मागतो, म्हणजे तिथल्या जोगिणीची मर्जी बसेल. परत येतो तर कुत्रा हरवलेला. तो त्याला कोंडवाड्यात सापडतो. तिथे दुसरा एक माणूस उभा असतो. त्याचाही कुत्रा आत आहे, पण सोडवण्याचे पैसे त्याच्याकडे नाहीत, आणि पैसे भरले नाहीत तर कुत्र्याचं काय होतं हे त्याला पक्कं ठाऊक आहे. तो काही बोलत नाही. हा प्रसंग मिनिटभराचाही नाही.

घरातली मोलकरीण मारिया ही या म्हाताऱ्याशी माणसासारखं बोलणारी एकटी. ती गरोदर आहे आणि दोन शिपायांपैकी बाप कोण हे तिला सांगता येत नाही. एका पहाटे ती उठते, स्वयंपाकघरात जाते, भिंतीवरच्या मुंग्यांवर पाणी ओतते, कॉफी दळते, पायाच्या बोटाने दार लोटते आणि मध्येच पोटावर हात ठेवते. गोष्ट तसूभर पुढे सरकत नाही. फ्रेंच समीक्षक आंद्रे बाझाँ यांनी या प्रसंगाला चित्रपटकलेतला मोठा क्षण मानलं. मला तो पाहताना आपल्याकडच्या व्यंकटेश माडगूळकरांची आठवण झाली. 'माणदेशी माणसं' १९४९ सालचं. माणसाचं नेहमीचं वागणं न सजवता पुढे ठेवायचं आणि निष्कर्ष वाचकावर सोडायचा, ही रीत माणदेशात आणि रोममध्ये एकाच सुमाराला रुजत होती, एकीला दुसरीची गरज पडली नव्हती.

'सावकारी पाशा'तला शेतकरी म्हातारा झाला तेव्हा

आपल्या मुलखाचं या परंपरेशी याहून जुनं नातं आहे. बाबूराव पेंटरांचा मूकपट 'सावकारी पाश' १९२५ सालचा, म्हणजे इटालियन लाटेच्या वीस वर्षं आधीचा. कथा नारायण हरी आपटे यांची. आपट्यांचा जन्म सांगलीजवळच्या समडोळीचा आणि वास्तव्य सातारा जिल्ह्यातल्या कोरेगावचं. सावकार शेतकऱ्याची जमीन गिळतो आणि तो शेतकरी शहरात गिरणी कामगार होतो. शेतकऱ्याचं काम तरुण व्ही. शांताराम यांनी केलं होतं. 'दो बीघा जमीन'मधला शेतकरी जमीन वाचवायला कलकत्त्याला रिक्षा ओढतो, त्याचा हा थोरला भाऊ.

पण 'सावकारी पाश' गिरणीच्या दारात संपतो. तो शेतकरी म्हातारा झाल्यावर कुठे गेला, हे कोणत्याच चित्रपटाने विचारलं नाही. त्याचं उत्तर सातारा-सांगलीच्या गावांना माहीत आहे. तो परत आला. मुंबईच्या गिरण्यांत कोकण्यांच्या बरोबरीने 'घाटावरचे' होते, आणि घाटावरचे म्हणजे पुष्कळसे सातारा, सांगली आणि कोल्हापूरचे. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी संप सुरू झाला, त्यात सुमारे अडीच लाख कामगार होते. तो संप रीतसर मिटलाच नाही. चाळीतली खोली सोडून, ट्रंक घेऊन जे गावी आले त्यांतले पुष्कळ चाळिशी-पन्नाशीचे होते. त्यांनी भावाच्या वाटणीतल्या तुकड्यावर नांगर धरला, कुणी गावात पिठाची गिरणी टाकली, कुणी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची पोती उचलली. १९९५ ची पेन्शन योजना येईपर्यंत त्यांची नोकरी केव्हाच सुटलेली होती. 'गिरणीत होतो' हे सांगताना त्यांचा आवाज सरळ व्हायचा, 'पेन्शन?' विचारलं की खाली यायचा.

उम्बर्तोला निदान पेन्शन आहे. आपल्याकडे ती कुणाला किती, हे आता आकड्यांतच पाहावं लागेल.

आकड्यांची उतरंड

सर्वांत वरच्या पायरीवर जुन्या योजनेतले सरकारी पेन्शनर. शेवटच्या पगाराच्या सुमारे निम्मी पेन्शन आणि तिच्यावर वाढता महागाई भत्ता. महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५ नंतर नोकरीला लागलेल्यांना हे संपलं, आणि त्याच कारणाने मार्च २०२३ मध्ये राज्यातले सरकारी कर्मचारी आठवडाभर संपावर गेले. म्हणजे पेन्शनरांच्या गावाची पुढची पिढी या ओळखीला मुकणार, असं तेव्हा दिसत होतं. माझी बँकेची पेन्शन या वरच्या पायरीच्या जवळपासची आहे. तिचा महागाई भत्ता दर सहा महिन्यांनी बदलतो.

मधल्या पायरीवर पंच्याण्णवची योजना. सूत्र सोपं आहे: पेन्शनपात्र पगार गुणिले सेवेची वर्षं, भागिले ७०. पण 'पेन्शनपात्र पगारा'ला कायद्याने मर्यादा घातली. ती आधी ५,००० रुपये होती, २००१ पासून ६,५०० आणि सप्टेंबर २०१४ पासून १५,०००. ६,५०० रुपयांवर वीस वर्षांची सेवा धरून गणित मांडा: १,८५७ रुपये महिना. ज्याचा पगारच कमी किंवा ज्याच्या गिरणीने मध्येच कुलूप लावलं त्याला याहून कमी. सप्टेंबर २०१४ मध्ये किमान पेन्शन १,००० रुपये ठरली आणि मी हे लिहीत असताना तो आकडा तिथेच आहे. महागाई भत्ता नाही. महागाई वर्षाला सहा टक्के धरली तर बारा वर्षांत पैशाची किंमत निम्मी होते. म्हणजे त्या हजाराचे आता पाचशेच उरले असं समजायचं. नवरा गेला की बायकोला त्याच्या पेन्शनीच्या निम्मी, पण हजाराच्या खाली नाही, एवढीच सोय.

खालच्या पायरीवर श्रावणबाळ. वय ६५ पुरं हवं, आणि दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव नसेल तर कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला २१,००० रुपयांच्या आत हवं. रक्कम २०२३ पासून महिना १,५०० रुपये. वर्षाचे होतात १८,०००. उम्बर्तोची महिन्याची पेन्शन १८,००० लिरा. लिरा आणि रुपया यांची तुलना करण्यात अर्थ नाही, हा निव्वळ योगायोग आहे. पण पासबुकावर ती बेरीज केली तेव्हा तो आकडा माझ्या डोक्यातून जाईना.

या तीन पायऱ्यांमध्ये रकमेचा फरक आहेच. त्याहून मोठा फरक असा, की वरची पायरी किमतींबरोबर हलते आणि खालच्या दोन जागच्या जागी असतात. उम्बर्तोची अडचण नेमकी हीच आहे. तो उधळ्या नाही, आळशी नाही, कुणी त्याला फसवलेलं नाही. त्याची रक्कम स्थिर आहे आणि भाडं चढतं आहे. अशा माणसाची गरिबी हळूहळू येते. पहिल्या वर्षी दूध अर्धा लिटरचं पाव होतं, दुसऱ्या वर्षी रक्तदाबाची गोळी एक दिवसाआड होते, तिसऱ्या वर्षी लग्नाच्या आमंत्रणाला 'तब्येत बरी नाही' असं उत्तर जातं, कारण आहेराचे पैसे नाहीत. यातल्या एकाही टप्प्यावर बातमी होण्यासारखं काही घडत नाही.

मुलांवर ढकललेली गोष्ट

मराठी माणसाला म्हातारपणाची शोकांतिका म्हटलं की 'नटसम्राट' आठवतं. शिरवाडकरांचं हे नाटक १९७० मध्ये रंगभूमीवर आलं आणि डॉ. श्रीराम लागूंनी उभा केलेला अप्पासाहेब बेलवलकर आपल्या घरातलाच एक झाला. अप्पासाहेबांनी सगळं मुलांना वाटून टाकलं आणि मुलांनी त्यांना ठेवून घेतलं नाही. त्यानंतरच्या आपल्या कितीतरी कथा, नाटकं, सिनेमे याच वाटेने गेले: म्हातारा चांगला, सून वाईट, मुलगा दुबळा. ही गोष्ट खोटी नाही. खिडकीवर मी असे मुलगे पाहिले आहेत, जे आईचं पासबुक स्वतःच्या खिशात ठेवतात आणि तिला बाहेर पायरीवर बसवतात.

पण डी सिकाने काय केलं पाहा. त्याने मुलंच काढून टाकली. उम्बर्तोला ना मुलगा, ना सून, ना वाटणी. दोष द्यायला घरातलं माणूस नसलं की उरतं काय? पेन्शनचा आकडा, भाड्याचा आकडा, परवानगी नसलेला मोर्चा आणि खोली मोकळी करून हवी असलेली मालकीण. आपण ज्या गरिबीला नात्यांची गोष्ट करून रडून घेतो, तिला हा चित्रपट हिशेबाची गोष्ट करतो, आणि मग रडून सुटका होत नाही.

सातारा-सांगलीत हे मला महत्त्वाचं वाटतं. इथले बहुतेक म्हातारे मुलांजवळच राहतात. पण तो मुलगा पुण्याला एखाद्या कंपनीत ठेकेदाराकडे कामाला असतो, किंवा दीड एकर कोरडवाहूवर. त्याची फी, हप्ते, दवाखाना त्याच्याच्याने पुरं होत नाही. अशा घरात 'मुलं बघत नाहीत' म्हणणं सोपं आहे आणि अर्धवट आहे.

कायद्याची वाटही अशीच मुलांकडे जाते. ज्येष्ठ नागरिकांच्या पालनपोषणाचा कायदा २००७ सालचा. प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणापुढे अर्ज केला तर मुलाकडून महिना १०,००० रुपयांपर्यंत निर्वाह मिळवून देण्याची त्यात तरतूद आहे. चांगली तरतूद आहे, आणि लिहून दिलेली मालमत्ता परत मिळवण्याची तर फारच उपयोगी. पण दोन आकडे शेजारी ठेवा. शासन मुलाला म्हणतं दहा हजारांपर्यंत दे. स्वतः देतं दीड हजार. शिवाय दीड हजारासाठी उत्पन्नाची अट कुटुंबाची, म्हणजे महिना १,७५० रुपये. मुलगा मजुरीला जात असला तरी घर त्या अटीत कसं बसणार? मग दाखल्यापुरतं वेगळं राहायचं, वेगळी चूल दाखवायची. मुलाबाळांत राहणाऱ्या म्हातारीला कागदावर उम्बर्तो व्हावं लागतं.

तळहात

चित्रपटातला ज्या प्रसंगासाठी मी हा लेख लिहायला घेतला, तो आता सांगतो. पैशाचे सगळे मार्ग बंद झाल्यावर उम्बर्तो रस्त्यावर एका मोठ्या खांबांच्या देवळाजवळ, पँथिऑनजवळ, उभा राहतो. एका भिकाऱ्याकडे पाहतो. मग स्वतःचा हात पुढे करून बघतो. एक माणूस थांबून खिशात हात घालतो, तेवढ्यात उम्बर्तो तळहात उलटा करतो, जणू पाऊस पडतोय का ते पाहत होता. माणूस निघून जातो. पुढे तो टोपी कुत्र्याच्या तोंडात देतो आणि स्वतः खांबाआड लपतो. नेमका ओळखीतला एक बडा माणूस तिथून जातो, कुत्र्याला ओळखतो, आणि उम्बर्तो पुढे येऊन सांगतो, की काही नाही, खेळतोय तो.

सांगलीच्या शाखेत एक गृहस्थ महिन्याच्या पहिल्या आठवड्यात येत. बंद पडलेल्या सूतगिरणीतले. पांढरा सदरा, धुवून धुवून पातळ झालेला, पण इस्त्रीचा. "जमा झाली का वं, सायेब?" एवढंच विचारायचे आणि जमा झालेली सगळी रक्कम काढून न्यायचे. एका महिन्यात काही कारणाने पेन्शन उशिरा आली. ते तिसऱ्यांदा विचारायला आले तेव्हा मी काऊंटरखालून शंभराची एक नोट पुढे केली आणि म्हटलं, "काका, ठेवा. आली की द्या." त्यांनी नोटेकडे पाहिलंच नाही. "सुट्टे आहेत माझ्याकडं," म्हणाले आणि खिसा चाचपत निघून गेले. मी काही सुटे मागितले नव्हते. पुढच्या महिन्यापासून ते शेजारच्या खिडकीच्या रांगेत उभे राहू लागले, माझी खिडकी मोकळी असली तरी.

मी त्यांना हट्टी समजलो होतो. अनेक वर्षांनी पडद्यावर तो उलटा होणारा तळहात पाहिला तेव्हा 'सुट्टे आहेत' या शब्दांचा अर्थ लागला. ते पाऊस पाहत होते. आणि त्या प्रसंगात मी कोण होतो तेही कळलं: रस्त्याने जाणारा ओळखीचा बडा माणूस, ज्याची पेन्शन सहा महिन्यांनी हलते. त्यांना माझ्याकडून पैसे नको होते. त्यांना मी सांगायला हवं होतं, की पेन्शन का अडकली, कोणत्या तारखेला येईल, आणि अर्ज कुठे द्यायचा. ते माझं काम होतं. ते न करता मी दया केली, आणि दया शंभर रुपयांत उरकली.

पेन्शन आणि मदत यांत हाच फरक आहे. पेन्शन ही मागे केलेल्या कामाची, मागे भरलेल्या पैशांची परतफेड आहे. ती घेताना तळहात वर करावा लागत नाही, सही करावी लागते. १९६९ च्या माथाडी कायद्याने हमालाच्या पाठीवरच्या पोत्यालाही हे तत्त्व लावलं आणि त्याचा भविष्यनिर्वाह निधी नावावर चढू लागला, म्हणून तो कायदा एवढा मोठा. रक्कम इतकी खाली जाऊ दिली, की माणसाला सही केल्यावरही हात पुढे करावा लागतो, तर त्या सहीला अर्थ राहत नाही.

फ्लाइक

कुत्रा कशाला, असं चित्रपट पाहून पुष्कळ जण विचारतात. स्वतःला खायला नाही आणि कुत्रा पोसतो! गरिबांच्या खाणावळीत उम्बर्तो स्वतःच्या ताटातलं टेबलाखाली फ्लाइकला देतो, ते पाहून माझ्या शेजारचे प्रेक्षक पुटपुटलेही.

मला श्रावणबाळच्या रांगेतल्या आज्या आठवतात. हजार-पंधराशे हातात आले, की त्यांतल्या बऱ्याच जणी म्हणायच्या, "त्यातल्या दहाच्या नोटा द्या थोड्या." आम्ही वैतागायचो, सुट्यांची टंचाई असायची. त्या दहाच्या नोटा नातवंडांसाठी होत्या. पेन्शनच्या दिवशी आजीने नातवाच्या हातावर दहा रुपये ठेवायचे, वाटेत शेवेची पुडी घ्यायची. त्या दिवशी ती घरात देणारी असते. उरलेले एकोणतीस दिवस ती घेणारी. उम्बर्तोच्या आयुष्यात फ्लाइक हा तो दहाच्या नोटांचा हिशेब आहे. ज्याला कुणाला काही देता येत नाही तो माणूस जगातून उठल्यासारखाच असतो, हे डी सिकाला कळलं होतं. म्हणूनच शेवटी उम्बर्तो मरायला निघतो तेव्हा त्याला स्वतःची चिंता नसते, कुत्र्याची सोय लागत नाही ही चिंता असते.

तो फ्लाइकला उचलून रेल्वे फाटकाशी जातो. गाडी येते. घाबरलेला कुत्रा धडपडून त्याच्या हातातून सुटतो आणि उम्बर्तो रुळाजवळून मागे येतो. आता कुत्र्याचा त्याच्यावर विश्वास नाही. तो झाडामागे लपतो. मग हा म्हातारा पाइनचं एक बोंड उचलून त्याला खेळायला बोलावतो, पुन्हा पुन्हा, आणि अखेरीस फ्लाइक येतो. दोघं झाडांच्या रांगेतून खेळत लांब जातात, मुलं धावत त्यांच्या पुढे येतात, आणि चित्रपट संपतो.

इटलीच्या सरकारला हे रुचलं नाही. तेव्हाचे उपमंत्री आणि पुढे अनेकदा पंतप्रधान झालेले जुलिओ आंद्रेओत्ती यांनी १९५२ सालीच जाहीर पत्र लिहून डी सिकाने देशाची वाईट सेवा केल्याचा ठपका ठेवला. जगाला इटली अशीच वाटेल, थोडा आशेचा किरण तरी दाखवायचा, असा त्यांचा सूर होता. तिकीटबारीवरही चित्रपट पडला. म्हाताऱ्यांचा मोर्चा पडद्यावरसुद्धा लोकांना नको होता.

शेवट पाहून प्रेक्षागृहात थोडं हायसं वाटलं होतं; कुत्रा परत आला, म्हातारा वाचला. बाहेर आल्यावर लक्षात आलं, की हिशेब जिथल्या तिथे आहे. खोली गेलेली आहे. पंधरा हजारांची थकबाकी आहे. पुढची पेन्शन अठरा हजारच येणार आहे. डी सिकाने त्याला वाचवलं ते फक्त त्या संध्याकाळपुरतं. पुढचं काम चित्रपटाचं नव्हे.

गेल्या नोव्हेंबरात मीही माझ्या हयातीचा दाखला द्यायला गेलो, पहिल्यांदा खिडकीच्या बाहेरच्या बाजूने. यंत्राने माझं बोट लगेच ओळखलं. मी आयुष्यभर कागदच हाताळले आहेत. माझ्या मागे एक म्हातारी होती, तिचं तिसऱ्यांदाही जुळेना. खिडकीमागच्या मुलीने यंत्र बाजूला सारलं, आपली खुर्ची पुढे ओढली आणि तिला सांगू लागली, की मावशी, आता कागदावरचा दाखला घेऊ, इथे सही की अंगठा, आणि पैसे अमुक तारखेपर्यंत येतील, नाही आले तर मला येऊन विचारा. म्हातारीने पिशवी सावरली आणि सही करते म्हणाली. एकेक अक्षर काढत तिने पूर्ण नाव लिहिलं. रांग थांबून राहिली, पण कुणी घाई केली नाही.